यादीत पाना नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुचाकीवर दूरच्या सफरीला निघणाऱ्यांसाठी गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण जी खरेदीची यादी छापली, ती मी चष्मा लावून दोनदा वाचली. वस्तू सतरा. जादा दिवे, क्रॅशगार्ड, हँडलचे रायझर, पत्र्याच्या पेट्या, त्या पेट्यांना धरायचे लोखंडी कॅरिअर, जेरीकॅन, मोबाईलचा स्टँड, आणि शेवटी ‘दमदार आवाजाचा’ सायलेन्सर. सतरांमध्ये पाना नाही, ट्यूब नाही, एअर फिल्टरचं नाव नाही. चेनला तेल घाला, एवढं एक वाक्यसुद्धा नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण वायरिंगचा भाग तेवढा कापू नका.

आधी माझी ओळख, म्हणजे हा म्हातारा मध्येच कुठून उगवला असं वाचकांना वाटायचं नाही. मी १९८७ साली वीज मंडळात लाइनवर लागलो. २००५ मध्ये मंडळाची महावितरण झाली, माझा खांब तोच राहिला. २०२१ मध्ये निवृत्त झालो. पारशिवनी, रामटेक, भिवापूर, नरखेड, असं नागपूर जिल्ह्याचं एकेक टोक चौतीस वर्षांत पालथं घातलं, आधी खात्याच्या सायकलवर, मग एम-८० वर, मग स्वतःच्या सेकंडहँड राजदूतवर. रात्री दोन वाजता वादळात लाइन गेली की पांदणीतून, नाल्यातून, धुऱ्यावरून जावंच लागायचं. तेव्हा त्याला कोणी ॲडव्हेंचर म्हणत नव्हतं, ड्यूटी म्हणत.

निवृत्तीच्या पैशातून हीरोची एक्सपल्स २०० घेतली, कच्च्या रस्त्यावर चालणारी उंच मोटरसायकल. मुलगा चार दिवस बोलला नाही. शेजारचे म्हणाले, “काकाजी, स्कूटी घ्यायची ना, भाजी आणाले बरी पडते.” पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, वजन दीडशे किलोच्या थोडं वर, अन् सीटची उंची ८२३ मिलिमीटर. माझी उंची पाच फूट पाच इंच. शोरूमच्या आवारात पहिल्यांदा बसलो तेव्हा दोन्ही पायांचे फक्त अंगठे टेकले.

मी गाडीत केलेला पहिला बदल हाच, आणि तो सांगण्यासारखा आहे. दोघांनी सल्ला दिला की शॉकअप खाली घ्या, गाडी दोन इंच बसेल. मी नाही म्हटलं. उंची कमी केली की ज्या कारणासाठी गाडी घेतली तेच गेलं: खाली दगड लागतो, साइड स्टँड लांब पडून गाडी सरळ उभी राहते अन् वाऱ्याने पडते, आणि पुढचा-मागचा तोल सारखा साधला नाही तर वळणावर हँडल वेगळंच बोलायला लागतं. त्यापेक्षा गांधीबागेत एका गादीवाल्याकडून सीटचा फोम मांड्यांच्या जागी दोन्ही बाजूंनी उतरता कापून घेतला. मधे हात लावला नाही. तीनशे रुपये अन् दीड तास. आता पायाचे चवडे टेकतात. तेवढे पुरतात, कारण उंच गाडीवर दोन्ही पाय टेकायचेच नसतात. एक नीट टेकवायचा अन् कुठला टेकवायचा ते थांबायच्या आधी ठरवायचं.

आता भाच्याची गोष्ट. त्याच्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आहे. कंपनीतून निघते तेव्हाच ती १९९ किलोची. त्याने आपल्यासारखीच एक यादी कुठूनतरी मिळवली अन् शहरातल्या एका दुकानात तीन दिवस गाडी ठेवून सगळं चढवून आणलं. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही मामा-भाचे पाताळकोटला गेलो. सावनेर, सौंसर, जाम सावळीला मारुतीचं दर्शन, सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, मग तामिया. जाताना काही झालं नाही. तामियाच्या कड्यावरून सूर्य बुडताना पाहिला, मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी पाताळकोटात उतरलो. परतताना छिंदवाड्याच्या पुढेच अंधार झाला. घाट सुरू झाला, त्याने हौसेनं जादा दिवे लावले. पहिल्या दोन वळणांवर समोर दिवाळी. तिसऱ्या वळणावर सगळं काळं. हेडलाइट, इंडिकेटर, मीटर, इंजिन, एकदम. मागून ट्रक येत होता. त्याच्या ड्रायव्हरनं कचकचून ब्रेक मारले अन् आमच्या सात पिढ्या काढल्या. बरोबरच होतं त्याचं.

“मामा, गाडी मेली.”

“मेली नाही बे. फ्यूज गेला असेल. बाजूला घे आधी.”

टॉर्च तोंडात धरून सीट काढली. मेन फ्यूज काळा पडलेला. पण फ्यूज बिचारा काही पाप करत नाही, त्याला जाळणारा दुसरीकडे असतो. दिव्यांच्या वायरीवर हात फिरवत पुढे गेलो. हँडल जिथे वळतं, त्या गळ्यापाशी बोटाला चिकट लागलं. काळी टेप वितळून डिंकासारखी झाली होती, खाली दोन वायरींचं प्लास्टिक एकमेकांत मुरलं होतं, आणि तो वास. ज्याने आयुष्यभर जळलेल्या पेट्या उघडल्या त्याला तो वास डोळे मिटूनही चुकायचा नाही.

दुकानवाल्यानं केलं होतं ते असं. प्रत्येकी ४० वॅटचे दोन दिवे. ८० भागिले १२, म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर. हा सगळा भार त्याने हॉर्नच्या बटणाकडे जाणाऱ्या बारीक वायरीतून जोड मारून घेतला होता. रिले, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर मोठा भार चालू-बंद करणारा स्विच, नाही. दिव्यांसाठी वेगळा फ्यूज नाही. जोड सोल्डर केलेला नाही, नुसता पिळा देऊन टेप. आणि वायर गळ्यापाशी इतकी ताणून नेलेली की हँडल पूर्ण वळवलं की ती फ्रेमवर घासायची. रोज थोडी थोडी सोलत गेली, अन् घाटातल्या वळणावर फ्रेमला टेकली.

गावोगावी आम्ही हेच पाहिलं. किटकॅट, म्हणजे घरच्या बोर्डावरचा चिनी मातीचा फ्यूज, वारंवार उडतो म्हणून लोक त्यात जाड तार टाकतात अन् म्हणतात, आता उडत नाही. मग तार तगते अन् घर पेटतं. फ्यूज ही मुद्दाम कच्ची ठेवलेली कडी आहे; ती तुटते म्हणून बाकीचं वाचतं. भाच्याचं नशीब की मेन फ्यूजमध्ये कोणी जाड तार घातली नव्हती.

म्हणून ज्यांना दिवे लावायचेच आहेत त्यांनी मिस्त्रीला चार गोष्टी विचाराव्या. बॅटरीतून थेट जाड वायर आणली का? बॅटरीपासून वीतभर अंतरात वेगळा फ्यूज टाकला का, दोन्ही दिवे मिळून साडेसहा अँपिअर असतील तर दहाचा? मधे रिले आहे का? बटणाने रिलेला नुसती हाक मारायची असते, ओझं रिलेने उचलायचं असतं. आणि शेवटचं, हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण वळवून दाखव, वायर कुठे ताणते का. हे शेवटचं विचारलं की अर्धे मिस्त्री चिडतात. चिडू द्या. मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. गाडी बंद असताना चांगली भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते, इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या मधे. दिवे लावल्यावर आकडा तेराच्या खाली यायला लागला तर गाडीची वीज पुरत नाही असं समजा आणि एक दिवा काढून टाका.

त्या रात्री मी दोन्ही वायरी पक्कडीनं कापल्या. ती पक्कड माझी नोकरीतली, लाल मुठीची, अजून खिशात असते. टोकांना टेप गुंडाळली, जादा फ्यूज बसवला, गाडी एका सेल्फात सुरू. कंपनीच्या हेडलाइटवर घाट उतरलो अन् सौंसरला चहा प्यायलो. भाचा सावनेरपर्यंत एक शब्द बोलला नाही.

पुढच्या रविवारी त्याला गाडी घेऊन बोलावलं. अंगणात सगळं सोडवलं अन् हुडकेश्वरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर नेऊन मोजलं. ३१ किलो. त्यात दोन जेरीकॅन रिकामे! ते नागपूरहून रिकामे गेले अन् रिकामे आले, नुसते शोभेला. टाकी १५ लिटरची, गाडी लिटरला तीसच्या आसपास देते, म्हणजे चारशे किलोमीटर कुठे गेलं नाही. पाताळकोट इथून दोनशे, अन् वाटेत सावनेर, सौंसर, छिंदवाडा, सगळीकडे पंप. जेरीकॅन कशाला, तर यादीत होते. भंगारवाला म्हणाला, “साहेब, द्यायचं आहे का?” भाचा म्हणाला, नाही. मी म्हटलं, विचार कर.

सगळंच काढलं असं नाही. इंजिनखालची जाड पत्र्याची प्लेट ठेवली, कारण दगड खरोखर खालूनच येतो. हँडगार्ड ठेवले; आमच्याकडे बाभळीचे फाटे अन् टिप्परनं उडवलेली गिट्टी दोन्ही बोटांवर येतात, शिवाय गाडी पडली की क्लचचा लिव्हर तुटत नाही. जंगलाच्या रस्त्यावर लिव्हर तुटला की माणूस पायी येतो. बाकी पत्र्याच्या पेट्या गेल्या, त्यांच्या जागी कापडी पिशव्या आल्या. पेटी घेऊन गाडी पडली की पाय पेटीखाली येतो, हे विकणारा सांगत नाही.

वजनाची एवढी कटकट मी का करतो, ते काळ्या मातीत कळतं. लडाखात बर्फ असेल, आमच्याकडे चिखल आहे. पुढच्याच पावसाळ्यात, जुलैत, भिवापूरच्या बाजूला माझ्या एका जुन्या हेल्परच्या शेतावर गेलो. तो मिरची लावतो, भिवापुरीच. डांबरी सोडून सातशे मीटर पांदण. आदल्या रात्री पाऊस. काळ्या मातीत टायर कुठलाही लावा, खाचांचा लावा की महागडा विलायती लावा, दहा पावलांत त्याचा लाडू होतो. माझ्या गाडीचा पुढचा मडगार्ड चाकापासून हातभर वर आहे. लोकांना वाटतं ही चोच शोभेची. शोभेची नाही, माती निघायला जागा लागते म्हणून ती वर आहे. भाच्याच्या गाडीला वरची चोच आहे, अन् तिच्याखाली चाकाजवळ दुसरा मडगार्डही. त्या दोघांच्या मधे नाही, चाक आणि खालचा मडगार्ड यांच्या मधे माती भरली, इतकी की चाक फिरायचं थांबलं. ढकलली तर गाडी नांगरासारखी रेघ ओढत चालली. तुराट्या घेऊन कोरायला बसलो. चार पावलं गेली की पुन्हा भरे. शेवटी मडगार्ड उतरवला. बोल्ट काढायला पाना लागला, संपादकसाहेब. जो यादीत नव्हता.

मडगार्ड नसताना मग दोन गाड्या ढकलत बांधापर्यंत नेल्या अन् ऊन पडायची वाट पाहत मिरचीचा ठेचा-भाकर खाल्ली. काळ्या मातीवर दुसरा इलाज नाही. घरी येऊन मडगार्ड पुन्हा लावला, कारण तो नसला की रस्त्यावरचा चिखल इंजिनवर अन् चालवणाऱ्याच्या तोंडावर येतो. आणि त्या चिखलावर, सर्व्हिसिंगवाल्याचा जोराच्या फवाऱ्याचा पाइप घेऊन, मी माझी स्वतःची चूक केली. काळी माती वाळली की सिमेंट, म्हणून मागच्या चाकाच्या मधोमध अगदी जवळून दाबून फवारा मारला. माती गेली, बेअरिंगमधलं ग्रीसही गेलं. दोन महिन्यांनी रामटेकच्या वाटेवर मनसरपाशी मागचं चाक कुईकुई करायला लागलं. उतरून चाक आडवं हलवलं तर बोटभर खेळ. त्यात दुसरी चूकही मिसळलेली होती, ती चेनची.

चेनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण या गाड्यांच्या बाबतीत गॅरेजवालेही चुकतात. गाडी उभी असताना चेन ढिली वाटते. साध्या गाडीची सवय असलेला मिस्त्री म्हणतो, झोल फार आहे, अन् कसतो. पण या गाडीचं मागचं चाक सतरा सेंटिमीटर वर-खाली होतं. माणूस बसला, सामान लादलं की चाक वर येतं. आणि पुढचं स्प्रॉकेट, मागच्या फाट्याची खीळ अन् चाकाचा धुरा एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणते. रिकाम्या गाडीवर घट्ट केलेली चेन तिथे तारेसारखी होते आणि तो ताण जातो चाकाच्या बेअरिंगवर अन् गिअरबॉक्सच्या दांड्यावर. मी तेच केलं होतं. त्या दिवसापासून चेन बसवताना घरात ५० किलोचं तुरीचं पोतं असलं तर ते सीटवर, अन् पुढे आमच्या सौभाग्यवती. त्या म्हणतात, लग्नात एवढा मान नव्हता दिला. मी खाली बसून चेनच्या मधोमध बोट लावून पाहतो. सगळा भार पडल्यावरही किंचित झोल उरला पाहिजे. मग पोतं उतरवायचं, रिकाम्या गाडीवर किती झोल दिसतो ते पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहायचं, अन् मनात ठेवायचं.

साफ करायला रॉकेल आता मिळत नाही, डिझेलवर भागवतो. मऊ ब्रश. तारेचा ब्रश लावला की कड्यांमधल्या रबरी रिंगा फाटतात. कोरडी पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल, आतल्या बाजूने, चाक उलटं फिरवत, आणि तेही रात्री, म्हणजे सकाळपर्यंत मुरतं. धुळीच्या दिवसांत तीनशे-चारशे किलोमीटरला. जास्त घातलं तर धूळ त्यालाच चिकटून घासणीचं काम करते. पुष्कळ पोरं पुढचं १३ दात्यांचं स्प्रॉकेट काढून १२ चं टाकतात. ओढ साधारण ८ टक्के वाढते, चढावर मजा येते, खरं आहे. पण हायवेवर इंजिन ओरडतं, अन् चेन लहान गोलावरून तीव्र वळते म्हणून लवकर झिजते. मी लावून पाहिलं, सहा महिन्यांत काढलं.

फिल्टरही असाच. मी फिल्टर उघडला की गेल्या महिन्यात कुठे हिंडलो ते तोच सांगतो. कोराडी-खापरखेड्याकडे गेलो असेन तर राखाडी, पिठासारखी राख. उमरेडच्या खाणीकडे काळी. मुरुमाच्या रस्त्यांवर तांबूस. ही सगळी इंजिनात गेली तर पिस्टनच्या रिंगा पॉलिश कागदासारखी घासते. फोमचा फिल्टर असेल तर धुवून, सुकवून, तेल चोळून पुन्हा बसवता येतो. तेलकट कागदाचा असेल तर त्याला ना पाणी ना हवेचा फवारा, सरळ बदलायचा. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं अंतर डांबरी रस्त्याचं समजा. इकडे त्याच्या निम्म्यावर उघडून पाहा. बसवताना कडेला बोटाने ग्रीसची बारीक रेघ ओढतो, म्हणजे फटीतून धूळ शिरत नाही. पुष्कळ लोक ‘जोरदार पिकअप’साठी उघडा फिल्टर लावतात. नागपूरच्या मे महिन्यात उघडा फिल्टर म्हणजे भट्टीपुढे तोंड वासून बसणं.

टायरचं दोन ओळींत आटोपतो. शहरातले अर्धे रस्ते आता सिमेंटचे, अन् ४५ अंशांत मोठ्या खाचांचे टायर त्यावर खोडरबरासारखे झिजतात. रोज ऑफिसला जाणाऱ्याने ते लावूच नयेत. कच्च्या रस्त्यावर हवा कमी करतात ते बरोबर, पण आपली ट्यूबची चाकं, फार कमी केली की टायर रिमवर सरकतो अन् ट्यूबचा वॉल्व्ह मुळापासून फाटतो. खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे २१ इंची ट्यूब नसते. म्हणून एक २१ इंची सोबत ठेवतो. अडचणीत ती मागच्या १८ इंचीतही दुमडून घरी आणते. जादा क्लच केबल मी पिशवीत नाही ठेवत, चालू केबलच्या शेजारीच टेपने बांधून ठेवली आहे, तुटली की दोन्ही टोकं फक्त अडकवायची. आणि आरे. महिन्यातून एकदा पान्याने प्रत्येक आऱ्यावर टिचकी. ताठ असेल तो ‘टिण’ म्हणतो, सैल असेल तो ‘टप’.

आता सायलेन्सर. आपल्या लेखात तो सुचवला होता, अन् त्याच आठवड्यात आपल्याच पहिल्या पानावर जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचा फोटो होता. एकाच वृत्तपत्राची ही दोन पानं एकमेकांशी बोलत नाहीत का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाजाचं कलम वेगळंच. पुढे स्पॉटलाइट लावायला तर नियमांतच मनाई आहे. आणि गंमत म्हणजे, जी साडीगार्ड पोरं पहिल्याच दिवशी ‘गाडी बैलगाडी दिसते’ म्हणून काढून फेकतात, ती मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी आणि मागे बसणाऱ्याने धरायची मूठ नियम १२३ प्रमाणे सक्तीची आहे. विमावाल्याला न कळवलेला बदल अपघातानंतर आडवा येऊ शकतो, हे वेगळंच.

माझी अडचण अशी, की फटाके फोडणारा सायलेन्सर अन् बोटं वाचवणारा हँडगार्ड यांच्यात फरक करायला चौकात कोणाला वेळ नसतो. इंजिनखालची प्लेट चालते का, हे विचारायला मी एका कार्यालयात गेलो. पहिल्या खिडकीवर ‘चालते’, दुसऱ्या खिडकीवर ‘लेखी अर्ज द्या’, तिसऱ्यावर ‘काढून टाका ना काकाजी, कशाला लफडं’. अर्ज दिला. पावसाळा गेला, उन्हाळा आला, उत्तर अजून आलेलं नाही. परिवहन खात्यानं एक कागद काढावा, मराठीत, एकाच पानाचा: दुचाकीला काय विचारल्याशिवाय लावता येतं, कशाला परवानगी लागते, काय लावायचंच नाही. तो दुकानांच्या दारावरही चिकटवायला लावावा. आमच्या खात्यात प्रत्येक रोहित्रावर धोक्याची पाटी असते, हाडं अन् कवटीची. वाचता येत नाही त्यालाही कळते.

आणि आपणास एक विनंती. पुढची यादी छापाल तेव्हा आधी एखाद्या पंक्चरवाल्याला, एखाद्या लेथवाल्याला, निदान गावोगाव टपाल वाटणाऱ्या पोस्टमनला दाखवा. दूरच्या सफरी त्याही करतात. जंगलाकडे निघणाऱ्या पोरांना हेही सांगा की पेंच अन् कऱ्हांडल्याच्या आजूबाजूला हौसेनं एक्सलेटर पिळू नका. तिथल्या मालकाला आवाज आवडत नाही.

नवतपा लागला आहे. मृगाला आठ-दहा दिवस उरले. त्याआधी मला फिल्टर बदलायचा आहे, मागच्या जोडाला ग्रीस भरायचं आहे अन् कोनसेट, म्हणजे हँडलच्या गळ्यातली बेअरिंग, तपासायचा आहे. पुढचं चाक उचलून हँडल सोडलं की ते मधोमध अडकल्यासारखं थांबतं, ते लक्षण बरं नाही. भाच्यानं शेवटी क्रॅशगार्ड भंगारात दिला. जेरीकॅन मात्र दिले नाहीत. ते सध्या आमच्याकडे आहेत. नळ दोन तास येतो, कूलर रात्रभर पाणी पितो, अन् दोन्ही कॅन दहा-दहा लिटरचे असल्याने सौभाग्यवतींना मापाचे झाले आहेत.

कळावे.

आपला नियमित वाचक,
निवृत्त लाइनमन, मानेवाडा, नागपूर